डावा पाय झाकू नये म्हणून

मी, शिवम्मा, बाप बसप्पा वाणी, उमर अदमासे पन्नास, राहणार नळदुर्ग, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवते. दम्यानं छाती भरली आहे, डोकं मात्र शाबूत आहे. शंका असेल त्यानं येऊन भांडून पाहावं. कचेरीत उर्दू चालते हे ठाऊक आहे. पण आमच्या घरातलं भांडण मराठीत चाललं, म्हणून कागदही मराठीत.

मी लहान असताना तापात डाव्या पायावरून वारं गेलं. पाय वाळला, गुडघ्यात ताठ झाला. पाहुणे आले की वडील पायावर चादर टाकत, नाहीतर मला मागच्या खोलीत ठेवत. ते वारले तेव्हा भाऊ माणिकप्पा पोरगेला होता, म्हणून मी कुबडी घेऊन वडिलांच्या भाड्याच्या दुकानात बसले आणि तागडी धरली. मोठा झाल्यावर तोच म्हणू लागला, "अक्का, पाय झाक की. गिऱ्हाईक बघतंय."

"गिऱ्हाईक गुळाला येतंय, माझ्या पायाला न्हाय," मी म्हणाले. ते आजही येतं.

दुकानाची जागा मी स्वकमाईनं घेतली. ती, तागडी-वजनांसह, माणिकप्पाची मुलगी गिरिजा हिला देते. तिचाही पाय तापात गेला, आणि बाप तिलाही मागच्या खोलीत ठेवतो. याचा मला संताप येतो. ती सज्ञान होईतो तिची आई इरम्मा हिनं कारभार पाहावा. पण गिरिजानं रोज पुढं, रस्त्याकडं तोंड करून बसावं. तिला पुन्हा आत कोंडलं, तर ती बाहेर येईपर्यंत दुकानाचं उत्पन्न मठाला जावं.

माझी कुबडीही तिलाच. तिला ती उंच होईल, खालून कापून घ्यावी.

माणिकप्पाला वडिलांची चादर देते. धुऊन ठेवली आहे.

आता माझं. आपल्या लिंगायतांत मयताला मांडी घालून बसवून पुरतात. परवा माणिकप्पानं आमचे विधी करणाऱ्या मल्लिनाथ स्वामींना माझ्यादेखत विचारलं, "अक्काची मांडी कशी जमवायची? पाय मोडावा लागंल." मी ऐकत होते, मेले नव्हते. तर पाय मोडू नये. खड्डा लांब खणावा. पालखीत बसवून बाजारातून न्याल तेव्हा पाय सरळ पुढं असू द्यावा, वर काही टाकू नये.

गिरिजाला कुणी कडेवर घेऊ नये. तिनं कुबडीवर सगळ्यांच्या पुढं चालावं, आणि बाकीच्यांनी तिच्या चालीनं.

सही: शिवम्मा

गवाह: मल्लिनाथ स्वामी, जंगम
रेवणसिद्ध तेली, शेजारी
इरम्मा, माणिकप्पाची बायको (अंगठा, आपल्या मर्जीनं)

मुक्काम नळदुर्ग, जिल्हा उस्मानाबाद
माघ महिना, सन १३५५ फसली, इसवी १९४६