टपरीवरचा दुसरा नंबर

८ जुलै
चौथीपासून निरंजन माझा बेस्ट फ्रेंड. आता कोचिंगमध्ये लोकेश नावाचा नवा पोट्टा आलाय आणि पंधरा दिवसांत निरंजन त्याचा झाला. क्लास सुटला की दोघं मागच्या टपरीवर सिगारेट ओढतात. मी जळत वगैरे नाही. फक्त लोकेश हसला की जेवण जात नाही.

११ जुलै
संकल्प : सिगारेटला हात लावायचा नाही. निरंजनला माझी उणीव भासेल आणि तो परत येईल.

१२ जुलै
आला नाही. सायकल स्टँडवर चाळीस मिनिटं उदास उभा होतो. त्याने बघितलंच नाही.

१५ जुलै
नवा प्लॅन. आत शिरून मित्राला बाहेर काढायचं. म्हणजे हे व्यसन नाही, स्ट्रॅटेजी आहे. सिगारेट एक, माणसं तीन. पहिला झुरका लोकेशचा, दुसरा निरंजनचा. माझ्यापर्यंत नुसतं फिल्टर. खोकलो. लोकेश हसला, ते चालतं. निरंजनही हसला.

१९ जुलै
गच्चीवर रोज प्रॅक्टिस. केवळ मैत्रीसाठी.

२२ जुलै, संध्या. ७
विजय! लोकेशने स्वतःहून मला दुसरा नंबर दिला. निरंजन तिसरा! त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. नंतर दोघांनी बडीशेप खाल्ली, डिओ मारला. मी नाही. मी काय भित्रा आहे? तसाच चौबे कॉलोनीत निरंजनच्या घरी त्याची वही द्यायला गेलो. वनमालाकाकूंना वाकून नमस्कार केला. त्यांनी विचारलं, काहून रे पराग, घरी सगळं बरं आहे न? किती माया!

२३ जुलै
निरंजन बोलेना. खोदून विचारलं तर म्हणाला, मम्मी ने मना किया है. काकूंनी त्याला शपथ घातलीय : त्या सिगारेटवाल्या पोट्ट्यासोबत फिरून राहिला तर याद राख. शेवटी काकूंनी लोकेशला ओळखलं! मी म्हणालो, मी तर केव्हाचा हेच म्हणतोय.
निरंजन खाली बघत म्हणाला की तो पोट्टा म्हणजे तू.
आणि त्याला चांगली संगत मिळावी म्हणून काकूंनी रविवारी लोकेशला पाटवडी खायला बोलावलंय. आठ वर्षं रविवारी त्या ताटावर मी बसायचो.
संध्याकाळी टपरीवर गेलो. दोघंही नव्हते. कोणाला दाखवायचं नव्हतं, कोणाला सोडवायचं नव्हतं.
तरी ओढली.