आधी इराक, मग समरीन

६ सप्टेंबर २०२४, शुक्रवार
आजपासून डायरी. कंपनी गिऱ्हाइकांना फुकट देते, त्यातली मागच्या वर्षीची उरलेली. मी नववीपर्यंत शिकलो, पण डोक्यात विचार फार येतात आणि इथे रियाधच्या अल सुलै भागातल्या गोडाऊनमध्ये टाइल्सच्या पेट्या उचलता उचलता सगळे वाया जातात.
ठराव: समरीनसाठी सिराजुद्दीनचाचांशी बोलायचं. समरीन म्हणजे त्यांची मुलगी, गावाला शाळेत शिकवते. दोन वर्षं फोनवर बोलतोय आम्ही. चाचाही रियाधलाच, बत्हा बाजारात स्पेअर पार्टच्या दुकानात. दर शुक्रवारी नमाज झाली की गावची पोरं त्यांच्या खोलीवर जेवतात. आमच्या गावची इथली पद्धत अशी की जेवण झाल्यावर ज्याला काही मागायचं असेल त्याने तांब्या उचलायचा आणि मुलीच्या बापाच्या हातावर पाणी घालायचं. खोलीत बेसिन आहे, तरी तांब्याच. पाणी घालता घालता विचारायचं. तांब्या उचलला की बाकीचे आपोआप गप्प होतात.
पुढच्या शुक्रवारी उचलतो. विषय संपला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
उचलला.
सगळे गप्प झाले. चाचांनी दोन्ही हात पुढे केले, माझ्याकडे बघून जरा हसले. मी पाणी घातलं आणि विचारलं की चाचा, इराकचं पाप नक्की कोणाच्या डोक्यावर.
हे मी मुद्दाम केलं. एकदम मुलगी मागणं बरं दिसत नाही. आधी बापाला कळलं पाहिजे की पोरगं नुसतं पेट्या उचलत नाही, दुनियेची खबर ठेवतं. मी डेमोक्रॅटवाला आहे. इथे आल्यावर यूट्यूबवर पहिला व्हिडिओ त्यांचा लागला आणि मला लगेच पटला. चाचा बुशवाले. बाप बुश, पोरगा नव्हे.
चाचा जरा वेळ हात तसेच धरून उभे होते. मग म्हणाले, लढाई पोरग्या बुशने केली हे खरं, पण लढाईला मत देताना तुझ्या पार्टीच्या लोकांनीही हात वर केले होते की. तांब्यातलं पाणी संपलं.
सुरुवात चांगली झाली.

१४ सप्टेंबर
समरीनचा व्हॉइस मेसेज. बोललास का, अब्बा काय म्हणाले. मी कळवलं की बोलणी चालू आहेत, वातावरण पॉझिटिव्ह आहे. तिने विचारलं की इतका वेळ काय बोललात. मी म्हटलं, इराक.  मग हसणारा एक चेहरा आला. चांगली पोरगी आहे, समजून घेते.

२० सप्टेंबर, शुक्रवार
मला बत्हाला पोचवतो तो रणजित, आमच्या कंपनीचा पिकअप ड्रायव्हर, खेडचा. तो ट्रम्पवाला. म्हणतो, त्याच्या टायमाला नवीन लढाई झाली नाही. मी म्हटलं, अफगाणिस्तान तालिबानला द्यायचा करार कोणी केला मग? तो म्हणतो, सैन्य पळवून कोणी आणलं मग? बोलता बोलता हायवेवरून बत्हाला उतरायची एक्झिट चुकली. पोचलो तेव्हा जेवण आटोपलं होतं, चाचांचे हात धुवून झाले होते.
माझी चूक नाही. बायडेनने नीट प्लॅन केला असता तर एक्झिट चुकली नसती.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
तांब्या घेतला. चाचांनी हात पुढे केले. या वेळी त्यांनी बाकीच्या पोरांना चहा आणायला खाली पाठवलं होतं, खोलीत आम्ही दोघंच. मी म्हटलं, चाचा, एक गोष्ट आहे. ते म्हणाले, बोल बाबा, सांग.
मला घाम फुटला. एसी जुना आहे त्यांचा. मी म्हटलं की मागच्या वेळी तुम्ही जे हात वर केल्याचं बोललात, त्याचं उत्तर माझ्याकडे आहे.
चाचांनी उत्तर ऐकून घेतलं. मग त्यांनी लिबिया काढला. ओबामाने लिबियाचं काय केलं ते सांग म्हणाले. विचारताना ते माझ्याकडे नव्हे, तांब्याकडे बघत होते.
लिबिया माझ्या तयारीत नव्हता.
ठराव: लिबियाचं उत्तर तयार करायचं. मग एकाच शुक्रवारी दोन्ही, लिबिया आणि समरीन.

२ ऑक्टोबर
लिबियाचे व्हिडिओ चालू. फोर्कलिफ्टवर बसून ऐकतो. आज एक पॅलेट सांडलं, इटालियन टाइल्स. सुपरवायझर खूप बोलला. त्याला काय कळणार, लिबियाच्या बरोबर समोर इटली आहे.
समरीनचे तीन मिसकॉल. अभ्यासात होतो.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
मोठा दिवस. पंधरा माणसं जेवायला. सुरमईचं कालवण होतं.
तांब्याची वाट न बघता मी जेवतानाच सुरू केलं. लिबियाचं उत्तर दिलं, कोणाला तोंड उघडता आलं नाही. मग चाचा म्हणाले की मला लिबिया-बिबिया माहीत नाही बाबा, मी कुवेतमध्ये होतो नव्वद साली, रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, एका सकाळी रस्त्यावर इराकचे रणगाडे. तिथून जॉर्डनला, अम्मानपर्यंत कसा पोचलो ते मला माहीत. त्या वाळवंटात दोन सालाची पोरगी कडेवर होती, समरीनची मोठी बहीण. ती पोचली नाही. नंतर बाप बुशने कुवेत सोडवलं म्हणून मी त्याचं नाव घेतो, तू घेऊ नकोस.
 पण मी मुद्दा सोडणारा नाही. मी म्हटलं, चाचा, तेलासाठी सोडवलं, तुमच्यासाठी नाही. त्याने तुम्हाला उल्लू बनवलं आणि तुम्ही अजून त्याचीच बाजू घेताय.
 चाचांनी माशाचा मधला तुकडा उचलून माझ्या ताटात टाकला आणि ते उठले. बेसिनवर स्वतःच हात धुतले.
जिंकलो. पोरं माझ्याकडे बघत होती. परतीच्या वाटेवर रणजितला सगळं सांगितलं. तो म्हणाला, इमाद्या, तू पोरीच्या बापाला बोललास का ते. मी म्हटलं, बापाला नाही, बुशला. तो पुढे सुलैपर्यंत बोलला नाही. ट्रम्पवाल्यांचं हे असंच, हरले की गप्प.

१३ ऑक्टोबर
समरीनला बहिणीचं विचारलं. म्हणाली, माझ्या जन्माआधीचं आहे, घरात कोणी त्याबद्दल बोलत नाही, अब्बा तुझ्यासमोर बोलले?
मी म्हटलं, बघ, किती जवळ आलो आम्ही.
ती म्हणाली, अम्माने तुझं नाव अब्बांच्या कानावर कधीच घातलंय, अब्बा वाट बघतायत. मी म्हटलं, माहीत आहे, पुढच्या शुक्रवारी सीरियावर बोलणार आहे.
तिने फोन ठेवला. रेंज गेली असेल. डोंगराआड आहे आमचं गाव.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार
आज नवीन माणूस. सुफियान, तिकडे समुद्राकडच्या धाहरानला एसी टेक्निशियन, दापोलीकडचा. कंपनीच्या बसने आला, स्वच्छ शर्ट घालून. मी त्याची परीक्षा घेतली. विचारलं, इराकवर तुझं मत काय. म्हणाला, मला माहीत नाही. मग अफगाणिस्तान? ते पण माहीत नाही. वर मलाच विचारतो, भाई, भात वाढू का.
असली माणसं. दुनियेत काय जळतंय याचा पत्ता नाही. जेवण झाल्यावर त्याने तांब्या उचलला. मी तेव्हा खाली टपरीवर होतो, रणजितला सीरिया समजावत. पोरांनी नंतर सांगितलं. पाहुणा माणूस, मदत करत असेल.

१ नोव्हेंबर
समरीनला मेसेज: अमेरिकेची निवडणूक मंगळवारी. आपली बाजू आली की चाचांना तोंडच राहणार नाही, लगेच विषय काढतो.
तिने लिहिलं: इमाद, आज बोल. निवडणुकीची वाट बघू नको. आज.
मी लिहिलं: चारच दिवस.

६ नोव्हेंबर, बुधवार
हरलो.
गोडाऊनमध्ये दिवसभर लक्ष नाही. रणजितने पूर्ण शिफ्टला शावरमा वाटला. मी खाल्ला नाही. माझा दिवस एवढा वाईट कधी गेला नव्हता. चार वर्षांचं नुकसान, सगळ्या दुनियेचं. समरीनला लिहिलं की मी आज कोणाशी बोलण्याच्या मनःस्थितीत नाही.  मेसेज वाचल्याच्या नुसत्या निळ्या खुणा आल्या. तिलाही धक्का बसला असेल.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
तयारीत गेलो. आज राष्ट्राध्यक्ष नाही, लढाई नाही, फक्त समरीन. वाटेत आरशात बघून चार वेळा म्हणून बघितलं.
जेवायला अंथरलेल्या दस्तरखानाच्या मधोमध मिठाईचा डबा. पोरं एकमेकांच्या तोंडात घालत होती. माझ्या तोंडातही कोणीतरी घातली, खजुराची होती. मी चावली, गिळली, मग विचारलं की कशाची.
समरीनची. सुफियानशी. परवा गावाला मंगनी झाली.
चाचांनी मला बाल्कनीत नेलं. मला वाटलं, कुवेतचं बोलल्याबद्दल झापतील. मी आधीच माफी मागायला तोंड उघडलं, ते म्हणाले, राहू दे ते.
मग म्हणाले, "मला अमेरिकेशी काय घेणं रे. समरीनच्या अम्माने, हाजराने सांगितलं होतं, इमाद येईल, तुम्ही घाई करू नका, पोरगा लाजतो. म्हणून तू काय काढशील त्यावर बोलत बसायचो. म्हटलं, आज नाही तर उद्या येईल मुद्द्यावर."
मी म्हटलं, चाचा, मी आज तेच बोलायला आलो होतो.
ते म्हणाले, "दोन महिने हात पुढे केले मी."
आणि खालच्या रस्त्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. रागाला उत्तर असतं माझ्याकडे.

१६ नोव्हेंबर
कारणं शोधली. एक, निवडणूक. दोन, रणजितची एक्झिट. तीन, सुफियान बसने लवकर आला, आमची पिकअप उशिरा. पुढे सुचलं नाही.
समरीनचा मेसेज आला. लिहिलंय, अम्माने मला सुफियानचं विचारलं तेव्हा मी तुझ्यासाठी आठ दिवस मागून घेतले होते. नवव्या दिवशी मी हो म्हटलं. तो बरा माणूस आहे. तुझ्यावर राग नाही.
खाली वेगळा मेसेज: "शेवटी कोण जिंकलं, तू का अब्बा?"


२२ नोव्हेंबर, शुक्रवार
बत्हाला गेलो नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं. रणजित पिकअप घेऊन आला होता, हॉर्न वाजवत. वर आला, माझ्या खाटेवर बसला. म्हणाला, चल, मी मान्य करतो, अफगाणिस्तान आमच्याच माणसाने विकला. मी म्हटलं, नाही रे, आमच्यानेही घाण केली. तो म्हणाला, बघ, आज पहिल्यांदा आपलं एकमत झालं.  मग त्याने चहा केला, साखर जास्त टाकली.

६ डिसेंबर, शुक्रवार
चाचा उद्या गावाला चालले, लग्नाला. त्यांनी फोन केला की इमाद, पेट्या उचलायला तूच लागशील, बाकीच्या पोरांना दोरी आवळता येत नाही. गेलो.
लग्नाचं सामान. ब्लँकेट, परफ्युम, डिनर सेट, समरीनचे कपडे. डिनर सेटभोवती टॉवेल गुंडाळले, फुटू नये म्हणून. खोकी बंद केली, टेप मारली, दोरी बांधली. माझ्यासारखी दोरी खरंच कोणाची नाही.
मग चाचांनी मार्कर दिला. विमानतळावर खोकं कुठल्याही बाजूने पडतं, म्हणून नाव आणि इंडियातला फोन नंबर सगळ्या बाजूंनी लिहायचा असतो. मी विचारलं, कोणाचा लिहू. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि हळू आवाजात सांगितलं की मुंबईला सामान उतरवून घ्यायला सुफियान येणार, त्याचाच लिही.
लिहिला. मोठ्या अक्षरात, वरती, खालती, चारी बाजूंना.
तिसऱ्या खोक्यापासून चिठ्ठी बघावी लागली नाही.