रेनकोटातले निळे डाग

बुधवार, संध्याकाळ

ह्यांचा शर्ट आजही पिळून वाळत घातला. नवा रेनकोट घेऊन आठवडासुद्धा झाला नाही. "गळतोय तो," एवढंच म्हणाले आणि चहा प्यायला बसले.

कसा गळेल? कॅम्प दोनच्या बाजारातल्या दुकानदाराने माझ्यासमोर कापडाची झोळी करून त्यात तांब्याभर पाणी ओतलं होतं. "देखो भाभी, एक बूंद नहीं." मघाशी मोरीत मीही तसंच करून पाहिलं. खाली थेंब नाही. मग शर्ट भिजतो कसा? आणि रेनकोटाला आतून हे निळे डाग कसले? ह्यांच्याकडे निळा शर्टच नाही.

घासले तरी डाग जाईनात. वास घेतला, तर कोऱ्या जीन्सचा.

तेव्हा कुठे डोक्यात आलं. हे कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे स्कूटरवर पोचवतात ना! विचारलं, तर कपात बघत म्हणाले, "माल भिजला तर शेठ परत पाठवतो. माणूस काय, वाळतो."

चिडू की काय करू, कळेना. उद्या दुसरा रेनकोट आणावा म्हणते. पण स्कूटरवर गठ्ठे दोन असतात.