सदतीस सेकंद

प्रिय धाकट्या,

कागदावरचं पत्र बघून हसशील. मेल पोचवणारं कोड लिहिण्यात जन्म घालवलेली बाई तिकीट चिकटवतेय! पण मेलचा पत्ता तू बदललास, आणि आपल्या कोडच्या चर्चेचं पान सगळं जग वाचतं. हा पत्ता तुझ्या जुन्या घरमालकिणीकडून काढला. तिने आधी माझीच उलटतपासणी घेतली.

आपण दोघांनी लिहिलेली ती कोडची लायब्ररी, इंटरनेटवरून मेल आणि फायली नेणारी-आणणारी, मी अजून एकटीच सांभाळते. हजारो लोकांनी ती आपापल्या प्रोग्रॅममध्ये बसवली आहे. गेल्या वर्षी चर्चेत 'नवखा' नावाचा एक जण उगवला. नाव नवखा आणि काम मुरलेल्या माणसाचं. आठवड्याला कोडमधला एक बग दाखवायचा, दुरुस्तीही पाठवायचा, वर माझेच आभार मानायचा. फुकट राबून आभार मानणारा माणूस दिसला की मला धडकीच भरते. गोड बोलून कोड बदलायच्या किल्ल्या मिळवेल आणि एक दिवस लोकांच्या मेलमध्ये हात घालेल, हेच डोक्यात. त्याची ओळ न् ओळ मी तीन-तीनदा वाचली. खोट सापडेना, तसा संशय आणखी वाढला. त्यात चर्चेतल्या मंडळींनी सुचवलं, ताईंना आता झेपत नाही, नवख्याला अधिकार द्या. शुक्रवारी निर्णय द्यायचाय.

घरीही तीच गत. बाबा म्हणायला लागले, दुपारी फोन वाजतो आणि मी पोचेपर्यंत बंद होतो. मोबाइल त्यांनी कधीच कपाटात टाकलाय. मी म्हटलं, घर रिकामं आहे का ते चोर बघतायत. कुलूप बदललं. शेजारच्या काकूंच्या भाच्यावरही संशय घेतला, तो बिचारा पंखे दुरुस्त करतो. शेवटी तीन दिवस रजा टाकून घड्याळ घेऊन फोनपाशी बसले. उचलला नाही, बाबांनाही उठू दिलं नाही, म्हटलं चोराला गाफील राहू दे. तिन्ही दिवस फोन बरोबर सदतीस सेकंद वाजला आणि बंद झाला.

त्याच आठवड्यात चर्चेत कुणीतरी विचारलं, समोरच्या कॉम्प्युटरच्या उत्तरासाठी आपण सदतीस सेकंद थांबतो, हा कसला आकडा? सरळ तीस करा. मी काही लिहायच्या आत नवख्याने लिहिलं, राहू दे, एखाद्याला उठून यायला वेळ लागतो.

मी बसल्या जागी रडले. बाबांचा गुडघा मोडला तेव्हा मागच्या खोलीतून फोनपर्यंत यायला त्यांना किती वेळ लागतो, ते आपण दोघांनी मोजलं होतं. तोच आकडा तू कोडमध्ये घातलास. हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. म्हणजे नवखाही तूच, आणि दुपारचा फोनही तुझाच.

चार वर्षांपूर्वी लोकांचे मेल गहाळ झाले, तेव्हा मी सगळ्यांदेखत तुझ्यावर खापर फोडलं. तू सगळं सोडून गेल्यावर कळलं, चूक माझ्या भागात होती. मी ती गुपचूप दुरुस्त केली आणि तोंड मिटून बसले. आज सकाळी ते चर्चेच्या पानावर माझ्या नावाने लिहिलंय. शुक्रवारी किल्ल्या तुझ्याच हाती देणार.

पण पत्र त्यासाठी नाही. बाबा फार हळू चालतात रे आता. परवा मी पुन्हा मोजलं, अठ्ठावन्न सेकंद लागले. कोडमधला आकडा मी साठ केलाय. पत्र मिळालं की दुपारी फोन कर, आणि लगेच ठेवू नकोस, वाजू दे. ते खुर्चीतून उठलेले असतात.

तुझीच,
संशयी ताई