विळी नव्हे, कयलविळी

१२ फेब्रु.
निखिलने कयलला जेवायला आणलं. होणारी सून. मलेशियातली तमिळ, इथे कार्डिफला त्याच्याच हॉस्पिटलात नर्स. पूर्ण नाव कयलविळी. मी म्हटलं, "आमच्याकडे विळी भाजी चिरायला असते!" सगळे हसले. तीही, जरा उशिरा. मग मला जोर चढला. लग्नात तांदळात नवं नाव लिहायची पद्धत आहे, केतकी ठेवू या म्हटलं. तिने वरणभात तसाच टाकला. माझ्या जिभेला हाड म्हणून नाही.

१४ फेब्रु.
नि.चा फोन. "आई, प्लीज, ते नाव चेंजचं परत नको. शी इज रिअली अपसेट."
क. चार वर्षांची असताना वडील मुसलमान झाले, घर सोडलं. जाताना कागदावर हिलाही मुसलमान केलं. पासपोर्टवर नूरा. आईने हिंदू म्हणून वाढवली, हाक कयलच मारली. मलेशियात मुसलमान मुलीचं हिंदूशी लग्न लागत नाही. इथे लागेल, पण मग आईला भेटायला गेली आणि कोणी अडवलं तर? कागद सुधारायची केस तिथल्या कोर्टात चालू आहे. निकाल ५ मार्चला.
आणि मी तिसरं नाव घेऊन बसलेली. फार लाज वाटली.

२० फेब्रु.
दोघांनी कौन्सिलला लग्नाची नोटीस दिली. ९ मे. पासपोर्टवरच्या नावानेच द्यावी लागली. गाडीत क. म्हणाली, "नूरा वाईट नाव नाही, आंटी. माझी शाळेतली बेस्ट फ्रेंड नूर आहे. फक्त ते माझं नाही."

५ मार्च
निकाल नाही. पुढची तारीख जूनमध्ये. म्हणजे लग्नानंतर. क. म्हणाली, "अम्मा म्हणते, लग्न कर, पण इकडे येऊ नकोस." मग भांडी घासत राहिली. घासलेलीच परत. आमच्या घरी सून यायची म्हणून तिची आई लेकीला मुकणार...

८ मार्च
सकाळपासून नावाची प्रॅक्टिस. त्यांचा तो ळ आपला नव्हे, जीभ आणखी मागे न्यावी लागते. हे म्हणाले, "घसा धरलाय का?"
दुपारी अम्मांशी व्हिडिओ कॉल. मी सांगितलं, तांदळाच्या ताटात कयलविळी हेच लिहायचं. नाव बरोबर आलं असावं, अम्मांनी पदर तोंडाला लावला. मग तमिळमध्ये बराच वेळ बोलल्या. आधीचं सगळं क. मला इंग्लिशमध्ये सांगत होती. हे नाही सांगितलं.
"काय म्हणाल्या गं?"
"नंतर सांगते, आंटी."
लग्नाच्या हॉलवाल्याचा मेसेज आलाय, ९ मे नक्की ना? क. सांगेपर्यंत उत्तर देणार नाही.