दाराची कडी परत बसवली आहे

ठमे,

पाच वाजता समुपदेशक बाईंचा व्हिडिओ कॉल आहे. लॅपटॉप चार्ज करून तुझ्या टेबलावर ठेवलाय. आधी काहीतरी खाऊन घे, उपाशीपोटी बसू नकोस.

मागच्या वेळी शाळेच्या फोनवरच्या तपासणीत बाईंनी व्यसनाचे प्रश्न तुला विचारले आणि उत्तरं मी दिली. "छे हो, आमची मुलगी त्यातली नाही," असं मीच ठासून सांगितलं. तू शेजारी नखं खात बसली होतीस. बाईंनी "काळजीचं कारण नाही" म्हणून फोन ठेवला. परवा तुझ्या मोज्यात ते व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडलं, तेव्हा मीच त्यांच्याकडे पुन्हा वेळ मागितली. त्या म्हणाल्या, "या वेळी तुम्ही घरात नको."

म्हणून मी खाली शिंपीणकाकूंकडे बसते. बाबांनाही कॉल संपेपर्यंत घरी फिरकू नका असं बजावलंय. त्यांनी रागाच्या भरात उपटलेली तुझ्या दाराची कडी मी आज परत बसवली. एक स्क्रू तिरका गेलाय, जरा जोर लावून सरकव.

माझा राग अजून गेलेला नाही. त्याचं मी बघीन. तू बाईंना खरं सांग, कधीपासून आणि कुणाबरोबर तेही. मला नाही सांगितलंस तरी चालेल.

कॉल झाला की बाल्कनीत टॉवेल वाळत घाल, म्हणजे मी वर येईन. तुझं दार ठोठावीन आणि तू उघडेपर्यंत बाहेरच थांबेन.

आई