बासष्ट पेपर अन् माह्या कपाळावरचं टेंगूळ

नेहरू नगर, भिलाई

नाही वो रमाबाई, रुसली-गिसली नाही मी. फोनवर सारं मोना ऐकते (माही सून आहे, कान तिचे तिखट), म्हून लिहून राहिली. भावजयीचा नमस्कार घ्या. तुमचे गुडघे कसे आहेत? जावईबापूची शुगर उतरली का? आमच्या इकडं सारे ठीक, माह्या कपाळावरचं टेंगूळ सोडून. ते तुमच्या पोराची कृपा.

सिविक सेंटरजवळच्या हॉलमधी आपल्या मराठी मंडळीनं तुमच्या शुभंकरचा सत्कार ठेवला होता. माईकवर आमच्या शेजारच्या ओमप्रकाशजीनं त्याच्या बासष्ट रिसर्च पेपरची यादी वाचाले घेतली. मेंदूले मार लागल्यावर सूज, मेंदूले मार लागल्यावर झोप, मेंदूले मार लागल्यावर भूक (एकच डोकं बासष्ट डाव फोडलं पोरानं!). पस्तिसाव्याले माह्या बाजूले बसलेली गिरजाबाई घोराले लागली. साठाव्यापर्यंत समोसे थंडे. अन् एका पेपरवर चौदा नावं, त्यात शुभंकर नववा. आपल्या लग्नपत्रिकेत नवव्या नंबरवर तो काका राहते, ज्याले बस्त्याले बी कोणी बोलवत नाही.

मग मी हार घेऊन गेली. इकडं छत्तीसगढमधी भाचा म्हंजे देव, मामीनं त्याच्या पाया पडाचं. चाळीस वर्षं इथं राहून तुमच्या भावाले अन् मले बी तेच वळण लागलं. मी वाकली. पण बंगलोरात राहून साहेब झालेल्या शुभंकरले वाटलं, मामीच्या पाया आपण पडावं. तो बी वाकला. ठण्ण! माईकमधी गेला आवाज. गिरजाबाई उठून टाळ्या वाजवाले लागली.

आता डोक्याच्या मारावर बासष्ट पेपर लिहिणाऱ्यानं काय करावं? स्वतःचं डोकं धरून खुर्चीत बसला. मी म्हटलं, "बापा, माहं बी पाह्य ना जरा." तर म्हणते कसा, "मामी, मी उंदरांवर काम करतो." घ्या! शेवटी गिरजाबाईनं थंडा समोसा दाबला माह्या कपाळाले. तेवढाच इलाज झाला. फोटोत बी आमी दोघं कपाळ धरून, मधात हार लोंबून राहिला.

तुमची,
भागीरथा

ता. क. शुभंकरले सांगजा, मामी रागावली नाही. त्याचा हार घरीच आहे, सुकला.

आणखी एक. त्याले एक डाव भिलाईले पाठवा. उंदीर समजून पाह्यलं तरी चालंल. सत्काराले आठ दिवस झाले, तवापासून मले एकाचे दोन दिसून राहिले. मोनाले सांगतलं नाही. हे पत्र बी एक डोळा मिटून लिहिलं.